पाटलीणबाईंच्या दाढा

"पावणं, आ करा."

घरमालक भाडेकरूला पहिलं वाक्य हे बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधीचे आठ दिवस मी कोल्हापुरात खोली शोधत हिंडत होते. पाटबंधारे खात्यात टायपिस्टची नोकरी लागली होती आणि कबनूरहून रोजचं येणं-जाणं झेपत नव्हतं. जाईन तिथं पहिला प्रश्न एकच, "आडनाव काय?" मी आडनाव सांगितलं की मघापर्यंत रिकामी असलेली खोली एकदम कुणातरी भाच्याला द्यायची ठरलेली असायची. असे चार भाचे झाल्यावर मी पाचव्या दारात उभी राहिले. तिथं हा पासष्टीचा माणूस, अंगात बंडी, हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरनं पांढरे झालेले, मला तोंड उघडायला सांगत होता.

मी घाबरून उघडलं. त्यांनी मला उजेडाकडे वळवलं, मान वाकडी करून आत पाहिलं आणि म्हणाले, "अक्कलदाढ यायची हाय अजून. डावीकडची खालची किडाय लागलीया, ती बघून घ्या. खोली वर हाय. पाणी सकाळी सहाला येतंय."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. पुढच्या चार वर्षांत माझ्या टपालावर वाचलं असेल तर असेल. राहायला गेल्यावर बुद्धाची तसबीर लावायला भिंतीत खिळा मारू का, असं मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "खिळा नगं, गिलावा पडतोय." आणि स्वतः वर येऊन, कवळ्यांसाठी वापरायच्या प्लास्टरमध्ये हूक बसवून दिला. त्या हुकाला माणूस लोंबकळला असता तरी तो निघाला नसता.

तर हे घरमालक, म्हणजे सगळ्यांचे मामा, कवळ्या बनवायचे. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. दात काढायचं काम डॉक्टरांचं, बसवायचं यांचं. रस्त्याकडेच्या खोलीत दुकान, मागं स्वयंपाकघर, वर मी. दुकानाच्या तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे साचे ओळीनं मांडलेले. एकावरही नाव नाही. "चेहरा इसरतोय मी, जबडा न्हाय," असं त्यांचं म्हणणं. आम्ही बाजारात निघालो की माझ्या कानाशी लागून सांगायचे, "त्यो बघ, तिसऱ्या फळीवरचा चाललाय." आणि तो तिसऱ्या फळीवरचा नेमका एखादा ऐटबाज वकील असायचा, मग मला हसू आवरायचं नाही.

कवळी घासायचे ब्रश ते हुपरीहून आणत. पैंजणांना चकाकी आणणारे ते ब्रश दाताला न चालायला काय झालं, असा त्यांचा सवाल. दिवसभर घासायची मोटर घरघरत असायची आणि कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी पावडरीचा उग्र वास माझ्या कपड्यांपर्यंत यायचा. ऑफिसात शेजारची बाई मला विचारायची, तुम्ही कुठल्या कारखान्याशेजारी राहता का.

कवळी तयार झाली म्हणून गिऱ्हाईक घेऊन निघालं, असं तिथं चालत नसे. परीक्षा द्यावी लागे. मामा बरणीतून मोजून पाच खारे शेंगदाणे काढून हातावर ठेवत आणि म्हणत, "खावा." मग स्वतः डोळे मिटून, कान पुढं करून बसत. चावण्याचा आवाज ऐकून त्यांना कळायचं की कुठली दाढ टेकत नाही. पाचही दाणे नीट वाजले की डोळे उघडत आणि म्हणत, "जावा घरला." एका माणसाचा चौथा दाणा कमी वाजला म्हणून त्याला तीन वेळा परत बोलावलं होतं. तो राधानगरीकडून यायचा, आणि शेवटी चिडून म्हणाला, "मी दाणं खाणंच सोडतो की!" तरी मामांनी त्याला सोडला नाही.

आणखी एक त्यांचं ठाम मत होतं. चार-पाच दात गेलेला माणूस आला की ते म्हणत, "सगळं काढून या. अर्धी कवळी म्हंजे रोजची कटकट. वरनं खालनं एकदम बसवू, काम कसं देखणं हुतंय." लोक ऐकायचे. खेड्यातनं आलेल्या बायकांचे नवरे तर मान डोलावून लगेच बायकोला डॉक्टरकडे घेऊन जायचे. मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं, पण तो त्यांचा धंदा, त्यात मी काय बोलणार!

मामी मी यायच्या आधीच वारल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांचा फोटो होता, ओठ घट्ट मिटलेले. मूलबाळ नव्हतं. घरात मामांखेरीज होती ती एक मांजर, अंगानं भरलेली, एक कान फाटलेला, दुकानातून अशी चालायची की जणू सातबारा तिच्या नावावर आहे. तिचं नाव पाटलीणबाई. मी महिन्याभरात "पोरी" झाले होते, पण मांजरीशी बोलताना शेवटपर्यंत अहो-जाहो. "पाटलीणबाई, जेवणार न्हवं? का आमी जाऊन यावं?" असं रोज दुपारी खालून ऐकू यायचं. प्लास्टरच्या पोत्यावर ती बसायची आणि त्या पोत्यातलं प्लास्टर काढायचं असेल तर मामा ती उठेपर्यंत थांबायचे. गिऱ्हाईकही थांबायचं.

सत्याण्णव की अठ्ठ्याण्णव साल असेल. एका सकाळी पाटलीणबाईंनी बशीतला माशाचा तुकडा तोंडात धरला, किंचाळल्या आणि बशीनंच मारल्यासारख्या दारापर्यंत पळाल्या. थोड्या वेळानं परत आल्या, वास घेतला, बशीकडे बघत बसल्या. भूक होती, ते दिसत होतं. पुन्हा तोंड लावलं, पुन्हा तेच. मी जिन्यात उभी होते. मी मुळातली काळजीखोर, गॅस बंद केला का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. त्या दिवशी ऑफिसात कालव्याच्या दुरुस्तीच्या पत्रात मी एक अख्खी ओळ गाळली.

संध्याकाळी आले तर मामा माझ्या जिन्याच्या पायरीवर बसलेले. पाटलीणबाईंना टॉवेलात गुंडाळून, दातांचा बारीक आरसा घालून त्यांनी तोंड बघितलं होतं. हातावर ओरखडे.

"हिरड्या डाळिंब फोडल्यागत लाल झाल्यात," ते म्हणाले. "मागच्या दाढा हालत्यात. वास मारतोय. सा म्हैनं तरी झालं आसत्याल, आणि मला पत्त्या न्हाय. जगाच्या तोंडात बघत बसलो आणि घरातलं ऱ्हायलं."

ते आधी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचं सगळं आयुष्य म्हशींत गेलेलं. त्यांनी कोंबड्या झाकायच्या डालग्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मांजारच हाय न्हवं? दुसरं आणा की." मामा तसेच उठले. पुढं वर्षभर त्यांनी त्या डॉक्टरांना रामराम घातला नाही.

मग राजारामपुरीत एक तरुण डॉक्टरीण नव्यानं आली होती, तिच्याकडे आम्ही दोघं गेलो. तिनं इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस पाटलीणबाई जेवल्या. मग पुन्हा लाळेची तार लोंबायला लागली. दुसरं इंजेक्शन आठ दिवस पुरलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, इंजेक्शनं आता बास. रक्त तपासलंय, भूल सोसेल असं वाटतंय. मागच्या सगळ्या दाढा काढाव्या लागतील. पुढचे सुळे चांगले आहेत, ते ठेवू."

"सगळ्या?"

"सगळ्या. तिचं शरीरच दातांवर उलटलंय. जोवर दाढा आहेत तोवर हिरड्या बऱ्या होणार नाहीत."

"आणि मग खाणार कशानं?"

"मांजर कुठं बारीक चावून खातं? तुकडा तोडतं आणि गिळतं. दाढांशिवाय मांजरं झकास जगतात. उपाशी मरतात ती दुखणाऱ्या दाढांनी."

"आणि भुलीतनं उठली न्हाय तर?"

डॉक्टरीण खोटं बोलली नाही. "वय झालंय. अंगात ताकद कमी आहे. शंभर टक्के मी सांगू शकत नाही. पण जितके दिवस घालवाल तितकं अवघड होईल."

सहीचा कागद पुढं आला. मामांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "उद्या येतो."

हा उद्या आठ दिवस लांबला. रोज सकाळी मी विचारायची, "मामा, जायचं ना?" आणि ते म्हणायचे, "आज जरा बरी दिसतीया." बरी कुठली! ते मासा उकडून, काटे काढून, वाटून, पातळ करून बोटावर तिच्यापुढं धरायचे. ती दोनदा चाटायची आणि पंजानं तोंड पुसत बसायची. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी रात्रभर वर पडून खालच्या बशीचा आवाज येतो का ते ऐकायची. वाईट स्वप्नं पडायची ती वेगळीच.

शेवटी एका सकाळी माझा तोल सुटला. "मामा, तुम्हीच सगळ्यांना सांगता की सगळे काढून या म्हणून! माणसांना सांगताना तुमची जीभ कधी अडत नाही, मग आताच काय झालं?"

त्यांनी मोटर बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी दुकान लवकर मिटलं. मला वाटलं, संपलं, आता खोली सोडायला सांगणार. पुन्हा ते भाचे, पुन्हा ते आडनाव. पण त्याहून जास्त मला वाटत होतं की या म्हाताऱ्याच्या हट्टापायी ती मांजर डोळ्यांदेखत जाणार.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई दिसेनात. बशी कोरडी. हाका मारल्या, माळा बघितला, परसात कडीपत्त्याखाली बघितलं. शेवटी दुकानातच, पोत्याच्या मागच्या फटीत, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सापडल्या. कान गार पडले होते. मामांनी हात घातला तरी त्या हलल्या नाहीत, नेहमीसारखं ओरबाडलंही नाही. त्या न ओरबाडण्यानं ते हादरले. तेच डालगं घेतलं, वर माझी ओढणी बांधली आणि आम्ही रिक्षात बसलो. ऑफिसला मी कळवलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, सलाइन लावलं आणि म्हणाल्या, "आज दुपारी करू. उद्यावर टाकलं तर मी हात लावणार नाही." आणि पुन्हा तोच कागद.

मामांनी पेन हातात घेतलं, मग माझ्यापुढं धरलं. "तू कर सही."

"मी? मांजर तुमची आहे मामा."

"तू शिकल्याली हाईस. तुज्या हातनं बरं हुईल."

मी सही केली आणि ती उठली नाही तर हा माणूस उरलेला जन्म माझ्याकडे कसा बघेल? मी पेन बाकड्यावर ठेवलं. "नाही मामा. काय अडतंय ते तरी सांगा."

ते भिंतीवरच्या गाई-म्हशींच्या तक्त्याकडे वळले. मग त्या तक्त्यालाच सांगितल्यासारखं बोलायला लागले.

"तुज्या मामीचं पाच दात खराब हुतं. पाचच. अडतीस वर्साची हुती. मी म्हनलं, सगळंच काढून टाकू, तुला अशी कवळी करतो की कोल्हापुरात कुणाच्या तोंडात नसंल. डॉक्टर म्हनला, बाकीचं चांगलं हाईत. मी म्हनलं, काढा. म्हैनाभर खपून कवळी केली. माज्या हातची सगळ्यात देखणी. बसवली, पाच शेंगदाणं दिलं. तिनं खाल्लं. मी म्हनलं, झ्याक."

"मग?"

"मग काय न्हाय. वीस वर्सं काय न्हाय. मी घरात आसलो की कवळी तोंडात. माज्यासंगट जेवायची न्हाय, म्हनायची तुमी जेवा, मी मागनं जेवते. बायकाच तशा आसत्यात, म्हनून मी बी कधी मनावर घेतलं न्हाय. ती गेली आणि तिसऱ्या दिवशी मी ती कवळी हातात घेतली. उजेडात धरली." त्यांनी रिकामा हात उजेडाकडे धरला. "वीस वर्सं खाल्ल्याली कवळी कशी दिसती, मला ठावं हाय की. दाढंचं टोक झिजतंय, गुळगुळीत हुतंय. हिची काल केल्यागत हुती. झीजच न्हाय. एक घास बी तिनं त्या कवळीनं खाल्ला नव्हता, पोरी. वीस वर्सं भाकरी आमटीत कुस्करून, माज्या मागनं."

"आणि ते पाच दाणे?" मी विचारलं.

"गिळलं आसत्याल. त्या दिवशी मी कानच दिला न्हाय. जगाचं ऐकलं, आणि म्हनलं हिची काय परीक्षा घ्यायची, ही तर माजीच बायकू."

आत टेबलावर पाटलीणबाई निपचित पडल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामींना तेव्हा विचारलं होतं? काढू का म्हणून?"

ते माझ्याकडे वळले. इतका वेळ त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं.

"न्हाय," ते म्हणाले. "तिला बोलता येत हुतं, तर एक मिन्ट इचारलं न्हाय. हिला बोलता येत न्हाय, तर आठ दिस हिच्या तोंडाकडं बघत बसलोय."

त्यांनी पेन उचललं आणि सही केली. सही करून झाल्यावर बंडीच्या खिशातून एक रुमाल काढला. आत चमचा ठोकून केलेला करंगळीएवढा साचा आणि पुडीत माप घ्यायची पावडर. "बाई," ते डॉक्टरिणीला म्हणाले, "भूल दिल्यावर मला दोन मिन्टं देता? दाढा काढायच्या आत माप घेतो. बसवायची येळ आली तर आसावं."

डॉक्टरीणबाई हसणार होत्या, पण मामांचा चेहरा बघून थांबल्या. "मामा, भुलीतलं एकेक मिनिट मोजायचं असतं," त्या हळू म्हणाल्या. मामांनी लगेच रुमाल गुंडाळला आणि खिशात ठेवला. एवढ्या आज्ञाधारकपणे त्यांना कुणाचं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दीड तास आम्ही बाकड्यावर होतो. आतून भांड्यात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज यायचा आणि मामा डोळे मिटून कान पुढं करायचे. आवाज थांबला की माझ्याकडे बघायचे. मग आवाज बराच वेळ आला नाही. मी दाराकडे जायला उठले, त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

दार उघडलं. "श्वास चांगला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि एक वाटी पुढं केली. मामांनी एकेक दाढ तळहातावर घेऊन उलटी केली. मुळं कुजून काळी पडली होती, एकीचं तर नुसतं पोकळ कवच उरलं होतं.

"हे आसलं तोंडात घिऊन ही माज्या मांडीवर बसत हुती," ते म्हणाले. "आणि मी म्हनत हुतो, आज बरी दिसतीया."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात होते. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पाटलीणबाई बशीपुढं. त्यांनी वास घेतला, मागं सरकल्या. पुन्हा पुढं झाल्या, तुकडा उचलला, मान झटकली आणि गिळला. मग दुसरा. किंचाळल्या नाहीत. सगळी बशी चाटून पुसून त्या मामांकडे बघून ओरडल्या, आणखी काय आहे म्हणून. मामा उठायच्या ऐवजी तिथंच गुडघ्यात डोकं घालून बसून राहिले. मी खाली जाऊन तिला वाढलं.

पाटलीणबाई पुढं दोन हजार दोन सालापर्यंत जगल्या, आणि आधीपेक्षा जाड झाल्या. माझी बदली त्याआधीच सांगलीला झाली होती. खोली सोडली त्या दिवशी निरोप घ्यायला दुकानात गेले तर मामांपुढं कागलकडचं एक जोडपं बसलेलं. बाई पन्नाशीची, पदराचं टोक तोंडावर धरलेलं. नवरा बोलत होता.

"हिचं वरचं सात दात गेल्यात. सगळंच काढून टाकतो म्हनलं, एकदम नवं बसवा. लोक सांगत्यात तुमी तसंच करतासा."

"करत हुतो," मामा म्हणाले. मग बाईकडे वळले. "मावशी, तुमाला काय वाटतंय?"

बाई नवऱ्याकडे बघायला लागली.

"तिला काय कळतंय त्यातलं," नवरा म्हणाला.

"पावणं, तुमी जरा गप बसा. दात तुमचं न्हाईत." आणि मामा हात मांडीवर ठेवून बसले. मोटर बंद केली. मी पिशवी घेऊन दारात उभी, बाहेर रिक्षावाला भोंगा मारत होता, पोत्यावर पाटलीणबाई पाय पसरून झोपलेल्या. बाई काहीच बोलेना. मामा काही घाईत नव्हते. नवऱ्यानं दोनदा घसा खाकरला.

मग तिनं हळूच पदर खाली घेतला.

"फुडचं दोन ऱ्हाऊ द्यात," ती म्हणाली.

"का गं?" नवरा म्हणाला.

"का, ते त्यांनी सांगायचं काम न्हाय," मामा म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.